रिकाम्या खोलीचं माप

समुद्रातली किरणोत्सारी द्रव्यं मासळीच्या अंगात कणाकणानं साठत जातात, असं कॉलेजातल्या सरांनी सांगितलं, तेव्हापासून प्रयोगशाळेत मदतनीस असलेल्या शिल्पाच्या मनात घरातल्या सुक्या बोंबलांविषयी पाल चुकचुकत होती. ती स्वतः मासळीला जन्मात शिवली नव्हती. पण तिच्या सासूबाई, द्रौपदाबाई, रोज खायच्या.

रविवारी दुपारी तिनं किरणं मोजायचं यंत्र मेहरूणमधल्या घरी आणलं. आधी रिकाम्या खोलीचं माप घ्यायचं, मग वस्तूचं, हा तिचा प्रयोगशाळेतला रोजचा नेम. यंत्र टकटकलं. मग तिनं ते बोंबलांच्या डब्यावर धरलं. टकटक तेवढीच राहिली.

तिची शंका फिटेना. तिनं ते सासूबाईंच्या पोटाशी नेलं. तरी तेवढीच.

"मी जनमभर हाई मासळी खास," द्रौपदाबाई तवा तापवत म्हणाल्या. "मन्हामा काय सापडी तुले?"

यंत्र ओट्यावर ठेवून शिल्पा दार लोटायला गेली, तशी टकटक विरळ होत जवळजवळ थांबली. ती परत आली, तशी पुन्हा वाढली. तिनं भीतभीत तळहात पुढे केला. तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी तडतड सुरू झाली.

सहा वर्षं ती प्रयोगशाळेच्या वहीत रोज सकाळी रिकाम्या खोलीचं माप लिहीत आली होती. खोली कधी रिकामी नव्हतीच.

द्रौपदाबाईंनी मान वळवली नाही. त्यांनी तव्यावरचा बोंबील उलटला.

"बंद करी दे आते," त्या हळूच म्हणाल्या. "तुन्हा लगीनपासून माले माहीत शे."