चिमूटभर हिरवी भुकटी

बबितानं ताट पुढं ओढलं. पिठल्यावर आजही ती हिरवी भुकटी भुरभुरलेली होती. नवऱ्याच्या, सोमेश्वरच्या ताटात नव्हती. फक्त तिच्या.

"आत्याबाई, हे काय घातलंय?"

"पाला हाय, वाळवून कुटल्याला. चव येती. खा," छबुबाई म्हणाली आणि तोंड चुलीकडं फिरवलं.

सासू एवढं चवीचं बघणारी नव्हती. सकाळीच शेजारच्या मनकर्णानं पाणी भरताना विचारलं होतं, "एकट्या तुज्याच ताटात घालती? मग पोरगं व्हायचं आवशिद आसल. माज्या जावंला बी आसंच खाऊ घातलं हुतं."

बबिताला एक मुलगी होती, संस्कृती. दुसऱ्या खेपेला मुलगा व्हावा म्हणून सगळी भावकी टपून बसली होती. आणि गेल्या साली ऊसतोडीला गेल्यावर पोटात दुखायला लागलं, तेव्हा तिकडच्या डॉक्टरनं बबिताची गर्भपिशवीच काढून टाकली होती. नवरा-बायको सोडून हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आईला कळलं तर ती दुसरी सून आणंल," सोमेश्वर म्हणाला होता. मी आणू देणार नाही, असं काही तो म्हणाला नव्हता.

भुकटी कधी वरणावर पडे, कधी कालवणात. बबिता मुकाट गिळत राही. वाकलं की कंबर धरायची. त्याहून जड जायचं ते सासूच्या नजरेला नजर देणं.

एका दुपारी सोमेश्वर शेळ्या घेऊन गेलेला. छबुबाई ओसरीवर पाला कुटत बसली होती. बबिता तिच्यासमोर जाऊन बसली.

"आत्याबाई, नका कुटू. काय उपेग न्हाई त्याचा."

"कावून?"

"माजी पिशवी काढलीय. आता पोरगं व्हायचं न्हाई. दुसरी सून आणायची तर आणा."

छबुबाईचा हात थांबला नाही.

"म्हाईत हाय मला. तू फडावरनं आलीस तवाच तुजी चाल बघून कळलं."

बबितानं कुटलेल्या पाल्याकडं बोट केलं. "मग हे आवशिद कशाला?"

"शेवग्याचा पाला हाय ह्यो. पिशवी गेली की हाडं पोकळ हुत्यात." तिनं भुकटी चिमटीत घेऊन पाहिली, पुन्हा कुटायला लागली. "सोमेश्वर पाळण्यात हुता, तवा माजीबी आशीच काढली."