खडूची रेघ

ती रेघ मी पुसायला नको होती. डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर खूप पसरलाय, पण चालल्यानं मनाला उभारी येईल." म्हणून बाबा रोज नदीकाठानं रामघाटावरून शिंदेघाटाकडे चालायचे, दमले की भिंतीवर खडूची रेघ मारून परतायचे. हळूहळू कालची रेघही गाठता येईना; बाबा बोलेनासे झाले. मला बघवेना. मी गुपचूप रेघ पुसून अलीकडे मारायला लागले. जादूच झाली! रेघ ओलांडली की बाबा "बघ पोरी, कालच्या बापाला हरवलं!" म्हणत हसायचे, कचौडीसुद्धा मागायचे. एकदा त्यांनी घाटावरूनच ग्वाल्हेरच्या काकांना फोन लावला. "उद्याचं तिकीट कॅन्सल कर. रोज पुढं चालतोय रे. दिवाळीला ये, आरामसे." फोन मला दिला. काका म्हणाले, "खरंच बरा आहे गं दादा?" बाबा हसतच होते. "हो, काका." दोघा भावांची भेट राहिली ती राहिलीच.