दोधूची सात-आठ

हिलालने मिरच्यांच्या पोत्यावर पत्त्यांची गड्डी ठेवली आणि फत्तेसिंगला म्हणाला, "तीस पानं काढ. सात-आठ खेळूत."

कुऱ्हाड हिलालच्या मांडीखाली होती, गोणपाटात गुंडाळलेली.

नंदुरबारच्या मिरचीच्या गोदामात भर दुपारी चिटपाखरू नव्हतं. मिरचीचा दलाल नवल दाराबाहेर, आत पाठ करून राखण करत बसला होता. मिरची दाखवायच्या निमित्ताने त्यानेच फत्तेसिंगला आदल्या दिवशी खांडबाऱ्याहून आणलं होतं. "दोधूले मी कधी दखं नही," तो हिलालला म्हणाला होता, "पन तो मरना त्या दिनले हाऊ माणूस विसरवाडीना रस्तावर व्हता."

दोधू हिलालचा धाकटा भाऊ. तीन महिन्यांपूर्वी विसरवाडीजवळ गाडीच्या सावलीत सापडला, डोकं दगडाने ठेचलेलं. बैलजोडी गायब. शेजारी घोंगडीवर अर्ध्यात मोडलेला दोघांचा डाव. फौजदाराने पत्ते पायाने सारले. हिलालने एकेक वेचून रक्त पुसलं.

सात-आठला सगळीकडे सत्त्यांपैकी फक्त बदाम आणि इस्पिकच्या ठेवतात, बाकीच्या दोन काढून टाकतात. पण या भावांची लहानपणची गड्डी जुन्या छापाची, कोपऱ्यांत आकडे नसलेली, आणि तिच्यातल्या नेमक्या त्याच दोन सत्त्या हरवलेल्या. मग किलवर-चौकटच्या घेऊन भागवलं. पुढे नव्या छापाच्या पुऱ्या गड्ड्या आल्या, तरी दोधू हेका सोडीना. कुणाशीही खेळो, हीच खरी रीत म्हणून ठणकावून सांगायचा. घोंगडीवरचा डावही तसाच होता. म्हणजे मारेकरी दोधूची सात-आठ शिकून गेला होता. हे हिलालने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

फत्तेसिंग दुऱ्या-तिऱ्या काढून टाकत होता. बदामची सत्ती आली. तो थबकला, आठवल्यासारखं केलं आणि ती बाजूला टाकली. मग इस्पिकचीही. किलवरची घेतली. चौकटची घेतली.

हिलालचं रक्त उसळलं. "हाऊ खेळ तुले कोन शिकाडा?"

"कालच शिकनू, दादा. तो..."

पुढचं हिलालने ऐकलंच नाही. पहिला घाव खांद्यात बसला. फत्तेसिंगने ओरडत मूठभर मिरच्या तोंडावर फेकल्या. डोळ्यांची आग आग झाली, तसाच हिलाल मारत सुटला. मानेवर, पाठीवर, जिथे लागेल तिथे. "मन्हा भाऊ! मन्हा भाऊ!" एवढंच तो म्हणत होता. खालचा आवाज बंद झाला तरी हात थांबेना. शेवटी नवलने आत धावत येऊन त्याला कवेत धरलं.

हिलाल ढसाढसा रडला. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याला मोकळं वाटलं. दोधूला आता तोंड दाखवता येईल, असं वाटलं.

दोघांनी मिळून प्रेत मिरच्यांच्या ढिगाखाली लोटलं. लालात लाल मिसळून गेलं. एवढ्यात आवारात गाडी वळली, माणसांची बोलणी ऐकू आली.

"बठ," नवल कुजबुजला. "कोन्ही उनं तं आपन खेळी ऱ्हायनूत."

त्याने सांडलेली पानं गोळा केली, धोतराला पुसली आणि निवडायला बसला. डोळे दाराकडे लागलेले, हात मात्र सवयीने भराभर चालत होते. दुऱ्या गेल्या, तिऱ्या गेल्या, छक्के गेले.

बदामची सत्ती त्याने बाजूला टाकली. मग इस्पिकची.