इतर

जर्मनीतल्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागलेली चेतना आठवडाभरात निघणार होती. तिथल्या महिन्याच्या खर्चाचा अंदाज तिने वहीत मांडला होता. सारंगखेड्याच्या घरी ओट्यावर बसलेल्या वडिलांनी, हिंमतरावांनी, ती वही मागून घेतली. त्यांची बायपास होऊन तीनच महिने झाले होते.

भाडं, किराणा, बसचा पास, मोबाइल... शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"हाई 'इतर' काय शे? किरानापेक्षा बी जास्ती शे."

"असंच, आबा. अचानक काही लागनं तं."

"काय लागी अचानक?"

एका फोनवर घरी धावत यावं लागलं तर विमानाचं तिकीट हाताशी असावं, म्हणून ती दरमहा पैसे बाजूला टाकणार होती. पण हे त्यांच्या तोंडावर तिला सांगवेना.

हिंमतरावांनी वही तिच्या मांडीवर ठेवली.

"समजनं माले. त्याच पैसास्मा दर साल गावनी जत्राले येत जा, बेटा. मी मरी गयावर तू धावत घर उनी, तं तुले देखाले मी कोठे ऱ्हासू?"