यज्ञेश्वरची कल्पना

रामकुंडावर यज्ञेश्वरचा दहावा होता आणि कावळा शिवत नव्हता.

कावळे नव्हते अशातला भाग नाही. पलीकडच्या भिंतीवर चांगली रांग लागली होती. पण पिंडाकडे एकही बघत नव्हता. सगळे रविराजसाहेबांकडे बघत होते. निदान साहेबांना तरी तसं वाटत होतं, आणि कारखान्याच्या मॅनेजरला असं वाटणं बरं नव्हे.

यज्ञेश्वर त्यांच्या सातपूरच्या कारखान्यात प्रेसवर होता आणि प्रेसमध्येच गेला. अडकलेला पत्रा काढायला आत वाकला आणि प्रेस खाली आली. पंचनामा झाला. प्रेस धुऊनपुसून पुन्हा सुरू झाली.

भावाने हात जोडून सांगितलं, पोरीचं शिक्षण मी करतो. कावळे ढिम्म. आईला मी सांभाळतो. एकाने चोचीने पंख खाजवला, बस.

"दर्भाचा कावळा करू का?" गुरुजींनी विचारलं. त्यांचे अजून दोन दहावे खोळंबले होते.

"नको," यज्ञेश्वरची बायको मोहिनी म्हणाली. "घरचं सगळं बोलून झालं. आता साहेबांनी बोलावं. हे घरी येऊन रोज त्या सेन्सरचंच बोलायचे."

हात आत असला की प्रेस जागच्या जागी थांबवणारा सेन्सर बसवा, ही यज्ञेश्वरची कल्पना. त्याने ती 'कट्ट्या'वर टाकली होती. कट्टा म्हणजे कंपनीचं ॲप. शिपायापासून डायरेक्टरपर्यंत सगळ्यांनी त्यावर कल्पना मांडायच्या, एकमेकांना अंगठे द्यायचे आणि त्यातून कंपनीने पुढे जायचं. यज्ञेश्वरच्या कल्पनेला अख्ख्या कंपनीने अंगठे दिले. टाळ्या आल्या, फुगे आले, रॉकेटं आली. 'महिन्याची कल्पना' म्हणून त्याचा फोटो झळकला. सेन्सर तेवढा आला नाही. कल्पनेखाली 'विचाराधीन' असा शब्द होता, तो अजून होता.

साहेब खाकरले. जिवंतपणी ते त्याला अरे-तुरे करत. "यज्ञेश्वर, तुमची कल्पना कंपनीला फार आवडली आहे."

भिंतीवरचा एक थोराड कावळा फरशीवर उतरला आणि थांबला.

"सर, नुसतं आवडलं म्हणून काय होणार," शेजारी उभी असलेली स्वरदा कुजबुजली. कट्टा तीच सांभाळायची. "स्टेटस बदला ना."

साहेबांनी फोन काढून 'मंजूर' दाबलं. कावळा एक उडी पुढे आला. 'समिती नेमली आहे,' असं लिहिलं. आणखी एक उडी. मग त्यांनी तारीख टाकली, पुढच्या तिमाहीची. कावळा थेट पिंडापाशी आला. मान वाकडी करून त्याने आधी भात बघितला, मग साहेबांना बघितलं, आणि चालत चालत परत भिंतीच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिला.

"त्याला तुमचं ॲप कळतं वाटतं," गुरुजी म्हणाले.

"साहेब, त्या प्रेसवर आज कोण आहे?" मोहिनीने विचारलं.

"मुस्तकीम आहे."

"सेन्सरशिवाय?"

"वहिनी, शनिवारी मोठी डिस्पॅच आहे. ती एकदा गेली की..."

"ह्यांनाही असंच सांगितलं होतंत. मला समिती नको, तारीख नको. आत्ता फोन करा आणि प्रेस बंद करा."

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. मघापेक्षा रांग वाढली होती. घाटावर घंटा वाजत होत्या, भाजीवाल्या ओरडत होत्या, आणि एवढ्या कावळ्यांतला एकही काव म्हणून करत नव्हता. प्रेस थांबली तर डायरेक्टर काय म्हणतील ते साहेबांना ठाऊक होतं. त्यांनी ते सगळं एकदा मनात ऐकून घेतलं. मग त्यांनी सुपरवायझर प्रफुल्लचा नंबर लावला.

रिंग गेली. त्याच क्षणी तो थोराड कावळा उडाला. साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

पण कावळा पिंडावरून तसाच पुढे गेला. त्याच्यामागे दुसरा, तिसरा. बघता बघता भिंत रिकामी झाली. कुंडावर एक घिरटी घालून ती काळी रांग नदीच्या वरच्या अंगाला वळली, सातपूरच्या दिशेने.

साहेबांच्या कानाशी फोन वाजत होता. पलीकडे कोणी उचलत नव्हतं. मोहिनीने पदर तोंडाशी नेला.

गुरुजींनी कपाळावर हात आडवा धरून आभाळात पाहिलं.

"दुसरीकडचं बोलावणं आलेलं दिसतंय," ते म्हणाले.