कुठल्या तोंडानं सांगायचं?

सकाळी ब्रशला रक्त लागलं आणि सदानंदनं तो तसाच खाली ठेवला. रक्ताच्या कर्करोगाची सुरुवात अशीच झाली होती. तेव्हा थोरल्या बहिणीनं, अक्कानं, आपल्या मूळपेशी दिल्या म्हणून तो वाचला. आता तिला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यानं दात घासणंच सोडलं. नुसत्या चुळा भरून वेळ मारून नेऊ लागला.

भाऊबीजेला अक्का आली. तिच्या हातच्या चकलीला तो नको म्हणाला, तशी तिला शंका आली.

"आ कर बघू."

हिरड्या लालभडक, टरारून सुजलेल्या. अक्कानं त्याला तस्सं रिक्षात घातलं आणि इस्पितळ गाठलं. रिक्षात त्याचं मनगट तिनं सोडलं नाही.

रक्ताचा अहवाल पाहून दातांच्या डॉक्टरीणबाई हसल्या. "आजार परतलेला नाही. प्रत्यारोपणानंतर तोंड कोरडं पडतं, हिरड्या नाजूक होतात. त्यात तुम्ही दात घासणं सोडलंत!"

अक्का त्याच्याकडे वळली. "मी मूळपेशी दिल्या, आणि तुला दात घासायचा कंटाळा?"

"कंटाळा नाही गं, भीती वाटली."

"मग सांगायचंस की! दोघं मिळून घाबरलो असतो." तिनं पदरानं डोळे पुसले.

परतताना औषधांच्या दुकानात तिनं मऊ ब्रश मागितला. दुकानदारानं विचारलं, "मोठ्यांचा की लहान मुलांचा?"

सदानंद तोंड उघडणार, तोच अक्का म्हणाली, "लहानांचाच द्या. अक्कल यायची आहे अजून."