शिक्षेचं बटण

"दाबा ताई. तुमच्या लेकीला न्याय मिळेल," विमान कंपनीचे वकील देवस्थळी मऊ आवाजात म्हणाले.

कुमुदताईंचं बोट लाल बटणावर होतं. आरोपीच्या पिंजऱ्यात एक करडा डबा ठेवला होता. विमानात कुठे किती माल भरायचा हे ठरवणारी ती यंत्रणा. तिला सगळे तोलक म्हणत. नव्या कायद्याने चूक यंत्रणेची असेल तर शिक्षाही यंत्रणेलाच, आणि ती मृताच्या नातलगाच्या हातून. बटण दाबलं की तोलक पुसला जाणार आणि खटला बंद. द्राक्षांच्या पेट्या शेपटीकडे जास्त भरल्या गेल्या, म्हणून कुमुदताईंच्या लेकीचं, वैमानिक केतकीचं विमान उडताक्षणीच नाक वर करून कोसळलं होतं.

"आरोपीला काही सांगायचंय?" न्यायाधीशांनी रिवाज म्हणून विचारलं.

"शेपटीकडे माल जास्त झालाय म्हणून मी उड्डाणाला नाही म्हणालो होतो," तोलक म्हणाला. "उशीर होतोय म्हणून कंपनीने माझा नकाराचा अधिकारच काढून घेतला."

"आरोपीचं म्हणणं पुरावा म्हणून धरत नाहीत," देवस्थळी घाईघाईने म्हणाले. "दाबा ताई."

कुमुदताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर ओढायचा मी? लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला?"

"अहो, पण तुम्ही दाबल्याशिवाय खटला संपणारच नाही!"

"असं होय?" कुमुदताईंनी हात मागे घेतला आणि पदराखाली घट्ट धरला. "मग चालू दे. घाई तुम्हाला होती, मला नाही."